परळीची राख, जिंतूरचे ऊन आणि बिनसिमेंटचे गट्टू

जिंतूर तालुक्यात बांधकामाचा हंगाम आणि पाणीटंचाईचा हंगाम एकाच वेळी येतो. होळी झाली की शेतीची कामे हलकी होतात, मजूर मोकळे होतात; घरकुले, गल्लीतले रस्ते, शाळेची आवारे, सभामंडप अशी कामे निघतात. नेमके त्याच एप्रिल-मे महिन्यांत सिमेंटच्या कामावर पाणी मारायला टँकर मागवावा लागतो. भारतीय मानकानुसार सिमेंट काँक्रीट किमान सात दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी रांग लागते तेव्हा हा नियम पाळणे अवघड जाते, आणि नियम मोडला तर काम कच्चे राहते.

या अडचणीवरचा एक उपाय आपल्या हाताशी आहे. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी राख इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मिळते. खडी आणि क्रशरची चुरी हवी तर बेसाल्टचा काळा पाषाण आपल्या पायाखाली आहे. आणि मराठवाड्याच्या उन्हाबद्दल कुणाला काही सांगायला नको. ही सामग्री आणि दोन रसायने घेऊन सिमेंटशिवाय, पाणी न मारता पक्के होणारे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, आणि विटा तयार करता येतात. या पदार्थाला जिओपॉलिमर म्हणतात.

हा लेख वीटभट्टीवाले, गट्टू तयार करणारे लहान उद्योजक, बचत गट, अभियांत्रिकी-तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी आणि ग्रामपंचायतीचे कारभारी यांच्यासाठी आहे. माझे सांगणे थोडक्यात असे: हे काम जिंतूरला नक्की जमण्यासारखे आहे, पण वजनकाटा, चाचणी आणि रसायनाची सावधगिरी या तीन गोष्टी पाळणाऱ्यालाच ते जमेल.

हे घट्ट होते कसे?

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. शुद्ध चुनखडीच्या शंभर किलोंतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. त्यामुळे साध्या सिमेंटच्या एका टनामागे सुमारे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

जिओपॉलिमरमध्ये चुनखडी भाजावी लागत नाही. वीज केंद्राच्या भट्टीत दगडी कोळसा जळताना त्यातली माती वितळते आणि धुरासोबत वर जाताना झटकन थंड होते. तिचे अतिशय बारीक, काचेसारखे गोल कण तयार होतात. हीच उडती राख, म्हणजे फ्लाय अॅश. तिच्यात सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर असतात. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचे तीव्र अल्कधर्मी द्रावण या कणांना विरघळवते. मग सिलिकॉन, अॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांची नवी घट्ट जाळी विणली जाते आणि खडी-चुरी तिच्यात धरली जाते.

इथे पाण्याचे काम फक्त वाहकाचे असते. सिमेंट कडक होताना पाणी स्वतःत बांधून घेते, म्हणून त्याला दिवसेंदिवस ओलावा द्यावा लागतो. जिओपॉलिमरला लागते ती ऊब. अवर्षणग्रस्त तालुक्याच्या दृष्टीने हा फरक सर्वांत मोलाचा आहे.

ही विद्या नवी नाही. किव्हचे संशोधक व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५०च्या दशकातच अल्कली वापरून भट्टीच्या स्लॅगपासून बांधकाम साहित्य तयार केले होते. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोव्हिट्स यांनी १९७०च्या दशकात जिओपॉलिमर हे नाव दिले. ऑस्ट्रेलियात टूवूंबा शहराजवळच्या वेलकॅम्प विमानतळासाठी २०१४ मध्ये सुमारे चाळीस हजार घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरले गेले. आपल्या मराठवाड्यातही याचा अभ्यास झाला आहे. सुभाष पाटणकर, युवराज घुगल आणि संजय जामकर यांनी राखेच्या जिओपॉलिमरवर कॉस्टिकच्या तीव्रतेचा आणि उष्णतेचा काय परिणाम होतो ते तपासून २०१४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या कामाशी जोडलेले आहे. म्हणजे सल्ला विचारायला फार लांब जावे लागत नाही.

कोणता टाकाऊ माल चालतो, कोणता नाही

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘कारखान्याची राख’ म्हणून जे जे मिळते ते सगळे एकसारखे नसते.

*कोरडी फ्लाय अॅश.* चिमणीपूर्वीच्या धूळ पकडणाऱ्या यंत्रणेतून कोरडीच उचललेली राख आपल्याला हवी. ती पिठासारखी मऊ आणि फिकट करडी असते. रंग काळपट असेल तर न जळालेला कोळसा जास्त आहे असे समजा. तो द्रावण पितो आणि ताकद घटवतो. आयएस ३८१२ (भाग १) या मानकानुसार जाळल्यावर होणारी घट ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राख उरू नये आणि सिलिका, अॅल्युमिना व लोह ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के असावेत. माल घेताना हे तीन आकडे असलेला अहवाल मागा.

*तळ्यातली राख.* पाण्यात कालवून राख तलावात सोडलेली राख जाडसर, ओली आणि मिश्र असते. ती बांधून ठेवणारा घटक म्हणून चालत नाही. चाळून, वाळवून चुरीचा काही भाग म्हणून वापरता येते.

*दळलेला झोतभट्टीचा स्लॅग.* लोहखनिजापासून लोखंड करताना झोतभट्टीतून निघालेला स्लॅग पाण्याने झटकन थंड करून बारीक दळतात. बाजारात तो ‘जीजीबीएस’ या नावाने पोत्यांत मिळतो. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीसारख्या ठिकाणी अशा झोतभट्ट्या आहेत. त्याच्यातल्या चुन्याच्या अंशामुळे मिश्रण साध्या तापमानालाही घट्ट होते. राखेत तो २० ते ३० टक्के मिसळला तर भट्टीची गरज राहत नाही. आयएस १६७१४ या मानकाचा अहवाल असलेला मालच घ्या.

*जालन्याचा स्लॅग.* जालना आपल्याला जवळ आहे आणि तिथल्या सळईच्या कारखान्यांतून स्लॅग भरपूर निघतो, म्हणून साहजिकच मोह होतो. पण तिथे प्रामुख्याने भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. त्यांचा स्लॅग रचनेने वेगळा आहे; तो जीजीबीएसच्या जागी घालू नका. लोखंडाचे तुकडे काढून, फोडून, चाळून, तपासणी झाल्यावर खडीचा काही भाग म्हणून त्याचा विचार करता येईल.

*उसाच्या चिपाडाची राख.* साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणाऱ्या या राखेत सिलिका असते, पण कोळसाही बराच असतो आणि प्रत दर आठवड्याला बदलते. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. हात बसल्यावर फ्लाय अॅशच्या ५ ते १० टक्के घालून वेगळी चाचणी घ्या.

*क्रशरची चुरी आणि १० मिमी खडी.* ही स्थानिकच घ्या. चुरीत मातकट धूळ जास्त असेल तर द्रावण जास्त लागते. म्हणून चाळून आणि शक्य तर धुऊन वाळवलेली चुरी वापरा. काळी माती तिच्यात अजिबात नको. ती ओलीने फुगते, वाळली की आकसते आणि गट्टू तडकवते.

राखेची वाहतूक ताडपत्री घट्ट बांधूनच करा आणि राख अधिकृत मार्गाने, पावतीसह उचला. पुढे सरकारी कामाला माल द्यायचा तर राख कुठून आली याचा कागद लागतो.

दोन रसायने आणि सुरक्षिततेचे नियम

पहिले रसायन कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात पोत्यात येतो; ९८ टक्के शुद्धतेचा घ्या. दुसरे सोडियम सिलिकेट. हा मधासारखा दाट द्रव पिंपातून मिळतो. विक्रेत्याकडून त्याचा अहवाल मागा; सोडियम ऑक्साइड सुमारे १४.७, सिलिका सुमारे २९.४ आणि पाणी सुमारे ५६ टक्के अशी प्रत या कामात रूढ आहे. दुसऱ्या प्रतीचे सिलिकेट घेतले तर पुढचे प्रमाण जसेच्या तसे लागू पडणार नाही.

आता हे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला वाचून दाखवा.

१. आधी पाणी घ्या, मग त्यात कॉस्टिक थोडे थोडे टाका. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका. द्रावण आपोआप तापते, कधी ८० अंशांच्या वर जाते, आणि उलट क्रमाने केले तर उकळून तोंडावर उडते.

२. अॅल्युमिनिअमचे पातेले, डबा किंवा साचा वापरू नका. कॉस्टिक त्याला खाते आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. जाड प्लॅस्टिकची किंवा स्टीलची भांडी घ्या.

३. डोळ्यांना पूर्ण बंद चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि रबरी अॅप्रन हे सगळे प्रत्येक माणसाला हवेच. राख हाताळताना नाका-तोंडावर धूळरोधक मास्क घाला. राखेतली बारीक सिलिका फुप्फुसात साचते.

४. डोळ्यात थेंब गेला तर लगेच, किमान पंधरा मिनिटे, स्वच्छ पाण्याच्या सलग धारेने डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. मिसळण्याच्या जागेपासून चार पावलांवर पाण्याने भरलेले, नळ असलेले पिंप कायम ठेवा. लिंबू, व्हिनेगर असले घरगुती उपाय करू नका.

५. कामाच्या जागी तंबाखू मळणे, विडी, चहा, जेवण बंद. पोरांना आणि जनावरांना त्या आवारात येऊ देऊ नका.

६. भांडी धुतलेले पाणी नाल्यात, शेतात किंवा विहिरीजवळ सोडू नका. ते टाकीत साठवा आणि पुढच्या खेपेला कॉस्टिकचे द्रावण करायला वापरा.

ओले मिश्रणही त्वचा जाळते. सिमेंटच्या सवयीने गवंडी उघड्या हाताने थापी मारायला बसतो. त्याला पहिल्याच दिवशी थांबवा. पाण्याची बचत कितीही मोठी असली, तरी त्यासाठी एकाही मजुराचा डोळा गमवावा इतकी ती मोठी नाही.

पहिली चाचणी: दहा किलोंचा हिशेब

पहिल्याच दिवशी शेकडो गट्टू काढायला जाऊ नका. खाली दिलेले प्रमाण चाचणीचे आहे. यातून १५० मिमीचे पाच ठोकळे निघतात आणि थोडा माल उरतो.

फ्लाय अॅश: ७ किलो
जीजीबीएस: ३ किलो
चाळलेली चुरी: १५ किलो
१० मिमी खडी: २० किलो
सोडियम सिलिकेट: २ किलो ८६० ग्रॅम
कॉस्टिकचे द्रावण: १ किलो १४० ग्रॅम (त्यात कॉस्टिकचे पापुद्रे ३०० ग्रॅम, पाणी ८४० ग्रॅम)

यामागचा हिशेब समजून घ्या, म्हणजे प्रमाण बदलताना चूक होणार नाही. राख आणि स्लॅग मिळून १० किलो. द्रावण त्याच्या ४० टक्के, म्हणजे ४ किलो. सिलिकेट हे कॉस्टिक-द्रावणाच्या अडीच पट. कॉस्टिकची तीव्रता ८ मोलर. तिच्यासाठी एक किलो द्रावणात सुमारे २६२ ग्रॅम पापुद्रे असतात. स्लॅग अजिबात न घालता निव्वळ राखेवर काम करायचे असेल तर तीव्रता १२ मोलरपर्यंत न्यावी लागते, म्हणजे किलोला सुमारे ३६१ ग्रॅम, आणि मग उष्णताही द्यावीच लागते. नवशिक्याने ८ मोलर आणि स्लॅग हाच सुरक्षित रस्ता धरावा.

सगळे काट्यावर तोला. घमेल्याने मोजलेले प्रमाण सिमेंटमध्ये निभावून जाते. इथे शंभर ग्रॅम कॉस्टिकची चूक सगळा घाणा वाया घालवते.

घाणा कसा लावायचा

आदल्या दिवशी संध्याकाळी कॉस्टिकचे द्रावण करून झाकून ठेवा. रात्रभरात ते थंड होते. काम सुरू करण्यापूर्वी तासभर त्यात सिलिकेट मिसळा.

खडी आणि चुरी आतून ओलावलेली पण वरून कोरडी असावी. तापलेली, कोरडीठाक चुरी द्रावण पिऊन टाकते; म्हणून आदल्या रात्री शिंपडून ताडपत्रीखाली ठेवा. राख, स्लॅग, चुरी आणि खडी कोरडीच तीन मिनिटे फिरवा. मग द्रावण हळूहळू ओतत आणखी चार-पाच मिनिटे फिरवा. मिश्रण चिकट असते, त्यामुळे तिरप्या ड्रमच्या मिक्सरपेक्षा आडवा पॅन मिक्सर बरा.

मिश्रण बघून मजूर म्हणतील, ‘साहेब, कोरडं वाटतंय, पाणी टाका.’ इथे ठाम राहा. ज्वारीच्या भाकरीचे पीठ जसे आधी कोरडे वाटते आणि मळता मळता सैल होते, तसेच हे मिश्रण फिरवता फिरवता आणि व्हायब्रेटरवर हलवले की पसरते. फारच गरज भासली तर दहा किलो राख-स्लॅगमागे दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी नको, आणि तेही वहीत नोंदवायचे.

साचे प्लॅस्टिकचे किंवा रबरी घ्या, आत साच्याचे तेल लावा. दोन थरांत भरून, बुडबुडे थांबेपर्यंत व्हायब्रेटर टेबलवर ठेवा. स्लॅगमुळे मिश्रण लवकर आवळते. उन्हाळ्यात अर्ध्या ते पाऊण तासात संपेल इतकाच घाणा लावा. साचे भरण्याचे काम पहाटे करा, भर दुपारी नको.

ऊन भट्टीसारखे वापरा

साचे भरल्याबरोबर वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट झाका. पाणी मारायचे नाही, याचा अर्थ माल उघड्यावर वाळू द्यायचा असा मुळीच नाही. आतला ओलावा पहिल्या दोन दिवसांत उडाला तर जाळी अर्धवट राहते आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

प्रयोगशाळेत निव्वळ राखेचे ठोकळे साधारण ६० अंशांवर चोवीस तास ठेवतात. आपण त्यासाठी वीज जाळू नये. काळ्या रंगाचा पत्रा किंवा काळा कागद अंथरलेला ओटा, त्यावर हातभर उंचीची चौकट आणि वरून पारदर्शक, बंद प्लॅस्टिक: एवढ्यावर उन्हाची पेटी तयार होते. हाच छोटा पॉलिहाऊस समजा. आत थर्मामीटर टांगा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा लिहा. मार्च ते मे या काळात ही पेटी चांगले काम देते. रात्री ऊब उतरते, म्हणून माल दोन-तीन दिवस आत राहू द्या.

हिवाळ्यात जिंतूरच्या डोंगराळ भागात रात्री गारठा चांगलाच असतो. तेव्हा साच्यातून माल काढायला दुप्पट वेळ धरा आणि स्लॅग ३० टक्क्यांखाली नेऊ नका. पावसाळ्यात पक्क्या छपराखालीच काम करा. नव्या मालावर पाऊस पडला तर अल्कली धुऊन जाते आणि माल कच्चा राहतो. पहिल्या वर्षी फक्त उन्हाळ्याचा हंगाम घेतला तरी पुष्कळ झाले.

फोडून बघा, मगच विका

पाच ठोकळ्यांपैकी दोन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी दाबयंत्रावर फोडा. जवळच्या तंत्रनिकेतनाची, अभियांत्रिकी महाविद्यालयाची किंवा नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारखी प्रयोगशाळा यासाठी गाठा. हिशेब सोपा आहे: १५० मिमी ठोकळ्याचे तोंड २२,५०० चौरस मिमी. ३५ मेगापास्कल ताकद हवी तर ठोकळ्याने किमान ७८७.५ किलोन्यूटन भार सोसला पाहिजे.

गट्टूंसाठी आयएस १५६५८ हे मानक पाहा. हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडी आणि एम-३५, मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी आणि एम-४० अशी त्यातली रूढ वर्गवारी आहे. पाणी शोषणे सरासरी ६ टक्क्यांच्या आत असावे. ठोकळ्यांवरून फक्त मिश्रण ठरवायचे. विक्रीपूर्वी प्रत्यक्ष गट्टूंचीच चाचणी करून घ्यायची. अल्कलीने सक्रिय केलेल्या काँक्रीटच्या साच्यातल्या वस्तूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७४५२ : २०२० ही मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ती विकत घ्या, वाचा आणि खरेदीदार अभियंत्याला दाखवा. ‘हे मानकात बसत नाही’ या पहिल्या आक्षेपाला तेच उत्तर आहे.

नेहमीचे दोष आणि त्यांची कारणे अशी:

*पांढरा लोणा लागणे.* जास्तीचे सोडियम वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते. द्रावण कमी करा, झाकण जास्त दिवस ठेवा, चुरी धुऊन घ्या.

*दोन दिवसांनीही मऊ राहणे.* राख तळ्यातली असेल, तिच्यात कोळसा जास्त असेल, सिलिकेटची प्रत वेगळी असेल किंवा तापमान कमी पडले असेल.

*मिक्सरमध्येच आवळणे.* स्लॅग जास्त झाला, द्रावण गरम होते किंवा खडी उन्हात तापली होती.

*बारीक तडे.* झाकण सुटले किंवा चुरीत माती होती.

राखेत अत्यल्प प्रमाणात आर्सेनिकसारखी विषारी मूलद्रव्ये असतात. जाळीत ती बरीचशी अडकतात, पण अशा मालाचा पिण्याच्या पाण्याची टाकी, आड किंवा जनावरांचा हौद यांच्या आतल्या बाजूला उपयोग करू नका. मोठे उत्पादन सुरू करण्यापूर्वी पाण्यात काय उतरते याची चाचणी एकदा करून घ्या.

पैशाचा हिशेब

२०० × १०० × ६० मिमीचा एक गट्टू साधारण २ किलो ९०० ग्रॅमचा होतो. वरच्या प्रमाणाने त्यात सुमारे ४१० ग्रॅम राख, १७५ ग्रॅम स्लॅग, १७० ग्रॅम सिलिकेट आणि १८ ग्रॅम कॉस्टिक जाते. उरलेले खडी, चुरी आणि पाणी. या आकड्यांना आजचे परभणी किंवा संभाजीनगरचे भाव लावा, वाहतूक, मजुरी, सुरक्षेचे साहित्य, साच्यांची झीज आणि शेकडा काही फुटके गट्टू मिळवा. कळून येईल की खर्चाचा मोठा वाटा सिलिकेटचा आहे. राख स्वस्त मिळाली म्हणून गट्टू स्वस्त होतोच असे नाही. सिलिकेट पिंपाऐवजी घाऊक घेणे, चाचण्या घेत घेत त्याचे प्रमाण कॉस्टिक-द्रावणाच्या अडीच पटीवरून दोन पटीवर आणणे आणि स्लॅगचे भाडे वाचवायला चार-पाच जणांनी मिळून ट्रक मागवणे, असे नफ्याचे मार्ग आहेत.

पर्यावरणाचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडा. सिलिकेटसाठी वाळू आणि सोडा हजार अंशांच्या वर वितळवावे लागतात. कॉस्टिक विजेवर तयार होते. त्यामुळे ‘प्रदूषणच नाही’ असा फलक लावू नका. सिमेंट वाचले, भट्टीत जाळायची माती आणि इंधन वाचले, क्युरिंगचे पाणी वाचले आणि राख तलावात गेली नाही, हे चार फायदे खरे आहेत आणि तेवढे सांगणे पुरेसे आहे. राख साचून राहिली की काय होते हे नागपूरजवळ दिसले: जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटून राखेचा गाळ शेतांत आणि नदीत शिरला.

काय करावे, काय टाळावे

गट्टू, पदपथाच्या कडेचे दगड, कुंपणभिंतीचे ब्लॉक, भाररहित भिंतींच्या विटा, शेततळ्याच्या पायऱ्या, गोठ्याबाहेरची फरसबंदी: या वस्तूंनी सुरुवात करा. एखादा ब्लॉक खराब निघाला तर तो काढून दुसरा बसवता येतो.

घराचा स्लॅब, कॉलम, तुळई, जिना किंवा पाण्याची उंच टाकी यांना हा माल वापरू नका. सळईचे काम, आग आणि भूकंपाची सुरक्षितता हे सगळे अनुभवी संरचना अभियंत्याचे क्षेत्र आहे. कुणाच्या डोक्यावरच्या छपरावर प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कागदपत्रे आणि बाजार

उद्यम नोंदणी करा, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा ना-हरकत दाखला घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उद्योग कोणत्या वर्गात येतो ते विचारून संमती घ्या. भांडवलासाठी परभणीच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरला जात आला आहे, आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम तपासून घ्या. प्रकल्प अहवालात सुरक्षेचे साहित्य आणि चाचणीचा खर्च आवर्जून धरा.

विक्रीसाठी एक कायदेशीर आधारही आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनुसार कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत, पर्यायी मालापेक्षा महाग नसेल तर, राखेपासूनचे साहित्य वापरणे बंधनकारक आहे. जिंतूर परळीपासून या कक्षेत आरामात बसते. राखेच्या वापराचे धोरण ठरवणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. ते धोरण २०१६ मध्ये आले. नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकात ‘राखयुक्त गट्टू’ ही बाब समाविष्ट करा, अशी लेखी मागणी करा. सोबत चाचणी अहवाल जोडा.

पहिल्या वर्षाचा क्रम

जानेवारीत राख, स्लॅग आणि सिलिकेट यांचे नमुने व अहवाल मिळवा. फेब्रुवारीत तीन वेगवेगळ्या प्रमाणांचे घाणे लावून ठोकळे फोडा. मार्चमध्ये उन्हाची पेटी बांधा आणि जे प्रमाण टिकले त्याचे शंभर गट्टू काढा. एप्रिलमध्ये त्यांची चाचणी करून शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात, भरपूर वर्दळ असलेल्या जागी ते बसवा आणि पूर्ण एक पावसाळा त्यांच्याकडे लक्ष ठेवा: झीज, तडे, लोणा, उचकटलेले कोपरे. प्रत्येक गट्टूच्या खालच्या बाजूला घाण्याचा क्रमांक आणि तारीख उमटवा, म्हणजे कुठला माल टिकला आणि कुठला नाही हे वहीतून शोधता येईल.

ती वही गुप्त ठेवू नका. परळीची राख एकट्या कारखान्याने संपणारी नाही आणि तालुक्यात फरसबंदीची कामे एकाला पुरून उरतील इतकी आहेत. राखेची प्रत, घाण्याचे प्रमाण, पेटीचे तापमान आणि ठोकळा किती भाराला फुटला हे आकडे चार गावांतल्या चार जणांनी एकमेकांना मोकळेपणाने दिले, तर दोन हंगामांत जिंतूरच्या मातीला, खडीला आणि उन्हाला लागू पडणारे स्वतःचे प्रमाण हाती येईल. ते प्रमाण दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. ते इथेच, काट्यावर तोलून आणि यंत्रावर फोडून ठरवावे लागेल.